घरच्या घरी रेडिएटर

रविवारी सकाळी चहाच्या वेळी नवऱ्याने जाहीर केलं, की गाडीचा रेडिएटर तो स्वतःच बदलणार, घरच्या घरी, दुपारच्या जेवणाच्या आत. तिने हातातला कप बशीत ठेवला आणि मनातल्या मनात गाडीच्या नावाने आंघोळ करून घेतली.

हे ती उगाच करत नव्हती. तिच्या माहेरी या माणसाचं नाव 'कारागीर' पडलं होतं आणि ते त्याने कष्ट करून मिळवलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला गेला असताना त्याने सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ, कुणी सांगितलेलं नसताना, उघडून साफ करून दिलं. तेव्हापासून ते घड्याळ पालथं ठेवलं तरच चालायचं. सासरे भला माणूस. वेळ बघायची झाली की ते घड्याळ उचलायचे, बघायचे आणि पुन्हा पालथं घालायचे, पण जावयाबद्दल कधी वावगा शब्द काढायचे नाहीत. काढायचा तो तिच्या भावाने काढला, आणि तोच चिकटला.

स्वतःच्या घरात तर कारागिराला रान मोकळं होतं. स्वयंपाकघरातला दिवा लावला की दारावरची घंटा वाजायची. घंटेचं बटण दाबलं तर काहीच व्हायचं नाही. त्यामुळे पाहुणे दार बडवत उभे राहायचे आणि घरातली माणसं दिवा लावून उगाचच दारापर्यंत हेलपाटा घालायची. न्हाणीघराची कडी फक्त बाहेरून लागायची. बेसिनचा नळ त्याने 'तात्पुरता' सुतळीने बांधून ठेवला होता आणि त्या तात्पुरत्या सुतळीवर आता शेवाळ धरलं होतं. नोकरीला हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यात, गळतीच्या तक्रारी घेण्याच्या टेबलावर. सगळ्या गावाची गळती त्याच्या टेबलावरून दुसऱ्याकडे जायची. घरची गळती मात्र त्याने कधी कुणाच्या हाती पडू दिली नाही.

"घरचं काम बाहेर कशाला द्यायचं?" हे त्याचं ब्रीद. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने शुक्रवारीच तिला सांगितलं होतं, की ताई, गाडी सकाळी लावा, संध्याकाळी घेऊन जा. तिने घरी येऊन तसं सांगितलं तर कारागिराने असा चेहरा केला की जणू तिने त्याला गॅरेजात लावायचं ठरवलंय. दुसऱ्या दिवशी तो नवा रेडिएटर खोक्यातून घेऊन आला, आणि खोकं बैठकीच्या मधोमध ठेवून त्याच्याकडे बघत बसला.

एरवी तिने सोडून दिलं असतं. गाडीवाचून तिचं काही अडत नव्हतं इतकी वर्षं. पण उद्या सोमवार होता, आणि उद्या तिला गाडी हवी म्हणजे हवीच होती.

मुलगी शाळेत जायला लागल्यापासून ती जेवणाच्या टेबलावर कापड कापत आली होती. लोकांचे झगे, सदरे, शाळेचे गणवेश. जेवायची वेळ झाली की कापड उचलायचं, जेवण झालं की टेबल पुसून पुन्हा पसरायचं. आता मुलगी शिकायला दुसऱ्या गावी होती आणि गावाबाहेरच्या कपड्यांच्या कारखान्यात तिला कापणीच्या हॉलची मुख्य म्हणून नेमलं होतं. तो हॉल ती बघून आली होती. तिथलं टेबल तिच्या अख्ख्या घराएवढं लांब होतं. मॅनेजरबाई पुढे काहीतरी माहिती सांगत होत्या, पण तिचं लक्ष नव्हतं. ती टेबलावर हात ठेवून नुसती उभी होती. या टेबलावरून जेवायच्या वेळी कापड उचलायला कुणी सांगणार नव्हतं. हॉलची किल्ली तिच्याकडे राहणार होती आणि ती पोचल्याशिवाय हॉल उघडणार नव्हता. अडचण एवढीच, की कारखान्याची घंटा पहिल्या बसच्या आधी व्हायची, आणि बस तरी कुठे कारखान्यापर्यंत जात होती!

कारागिराने या नोकरीला नाही म्हटलं नव्हतं. होही म्हटलं नव्हतं. "बघ बाई, तुला झेपेल तसं," एवढंच म्हणाला होता. आणि वर, "घर सोडून बाहेर कशाला, असं मी नाही म्हणत. लोक म्हणतात." लोकांपैकी कोण, ते विचारल्यावर तो नळाची सुतळी घट्ट करायला उठून गेला होता.

तर रविवारी सकाळी अंगणात जुनी चादर पसरली गेली. कारागिराने हत्यारं ओळीने मांडली. या मांडणीला बराच वेळ गेला, कारण पाने उंचीप्रमाणे लावायचे की जाडीप्रमाणे, याचा निर्णय होत नव्हता. मग मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवून त्याने एक चित्रफीत लावली. तिच्यात एक स्वच्छ कपड्यांतला माणूस हसत हसत रेडिएटर बदलत होता. शिव्या घातलेला आणि बोट ठेचलेला भाग त्याने कापून टाकलेला असणार, हे कापणीच्या धंद्यातल्या बाईला लगेच कळलं.

एवढ्यात कुंपणावर शेजारचे काका उगवले. काकांकडे गाडी नव्हती, कधीच नव्हती, त्यामुळे गाड्यांविषयी त्यांची मतं अगदी निर्मळ होती.

"इंजिन गार आहे ना?" काकांनी विचारलं.

"काल रात्रीपासून उभीच आहे," कारागीर म्हणाला.

"तरी हात लावून बघा. गार दिसतं, पण नसतं."

कारागिराने हात लावून बघितलं. गारच होतं. काकांनी समाधानाने मान हलवली आणि कुंपणावर कोपरं नीट रोवून घेतली.

रेडिएटरच्या खाली पाणी सोडायचं एक प्लॅस्टिकचं बूच असतं. ते ढिलं करायचं, खाली टब ठेवायचा आणि हिरवं पाणी त्यात पडू द्यायचं. चित्रफितीतलं पाणी टबात पडलं. इथलं पाणी आधी खालच्या पत्र्यावर पडलं, पत्र्यावरून चाकाकडे वळलं, आणि टबाला हळूच वळसा घालून काकांच्या कुंड्यांकडे निघालं. टब तिचा होता, नवं कापड भिजवायचा. तो कोरडाच राहिला हे त्यातल्या त्यात बरं झालं. तिने धावत जाऊन पोतं आडवं टाकलं, कारण ते पाणी विषारी असतं एवढं तिलाही ठाऊक होतं. कारागीर तेवढ्यात दुसऱ्या टोकाला पोचला होता. खालच्या रबरी नळीची क्लिप त्याने पक्कडीने सरकवली, नळी ओढली, ती येईना; दोन्ही हातांनी ओढली, आणि ती आली. आत उरलेलं सगळं पाणी घेऊन आली. ते त्याच्या बाहीतून शिरून काखेपर्यंत गेलं.

"थोडं पाणी राहतं आत," काका म्हणाले.

वरची नळी त्या मानाने गुणी निघाली. पंख्याच्या वायरीची खुंटी दाबून काढायची होती, ती त्याने ओढून काढली, आणि तिचा एक दात कायमचा गेला. वरच्या दोन बोल्टांपैकी एक सुटला. दुसऱ्याने मात्र हट्ट धरला. कारागिराने त्याला तेल पाजलं, ठोकलं, समजावलं, त्याच्या आईवडिलांचा उद्धार केला. शेवटी ती आतून जड पाना घेऊन आली, तिने वरून दाब दिला, त्याने फिरवला, आणि बोल्ट कुरकुरत फिरला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवरा-बायको मिळून काही केल्याला बरेच दिवस झाले होते, आणि तिला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मग तो म्हणाला, "सुटतच आला होता तो." तेवढंच ते बरं वाटणं.

जेवणाच्या सुमारास रेडिएटर बाहेर आला. बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तसा कारागिराने तो दोन्ही हातांवर अंगणात आणला आणि काकांना दाखवला. काकांनी रेडिएटर पाहून मान डोलावली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कारखान्याच्या मॅनेजरबाई होत्या. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

"उद्याचं नक्की ना? गाडीचं झालं?"

"होतंय," ती म्हणाली. या घरात सगळंच होत असायचं.

"नाही झालं तरी काळजी करू नका. लांबून येणाऱ्यांसाठी आमच्याकडे खोल्या आहेत, तुम्ही बघितलीत ना त्या दिवशी? एक मोकळी आहे. सोमवार ते शनिवार राहायचं, रविवारी घरी. संध्याकाळपर्यंत कळवा फक्त."

खोली तिने बघितली होती. एक खाट, एक टेबल, एक खिडकी, आणि कोपऱ्यात बेसिन. नळ तिने सवयीने फिरवून पाहिला होता. चालू केला तर चालू झाला होता, बंद केला तर बंद.

"संध्याकाळी कळवते," ती म्हणाली. फोन ठेवल्यावरही ती जरा वेळ तिथेच बसली. खोली घ्यायचा तिचा विचार मुळीच नव्हता. पण खाट खिडकीच्या बाजूला सरकवली तर टेबल कुठे ठेवता येईल, एवढं मात्र तिने मनात ठरवून टाकलं. आणि याबद्दल बाहेर जाऊन काही बोलायचं नाही, हेही.

जेवण वाढायला म्हणून ती अंगणात हाक मारायला आली, तर अंगण मोकळं. कारागीर हात पुसत उभा होता, चेहऱ्यावर भलताच प्रकाश.

"जुना कुठाय?" तिने विचारलं.

"दिला भंगारवाल्याला. आत्ताच गाडा गेला. बघ कसं चकाचक झालं!"

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं. कारागीर जुनी वस्तू टाकत नसे. माळ्यावर जुने नळ, जुन्या पंख्यांची पाती, अर्धे कुलूप, गॅस्केटच्या कागदाची गुंडाळी आणि झाकण हरवलेल्या डब्यांची वेगळी झाकणं, असा संसार रचलेला होता. "लागेल कधीतरी" हे त्याचं दुसरं ब्रीद. या माळ्यावरून त्यांच्यात जितकी भांडणं झाली तितकी पैशावरून, पाहुण्यांवरून, कशावरूनच झाली नसतील. शनिवारी रात्रीही झालं होतं. ती ठणकावून म्हणाली होती, की नवं घरात आलं की जुनं त्याच दिवशी बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर मी तरी जाते. आणि या माणसाने, लग्नानंतर पहिल्यांदाच, तिचं ऐकलं होतं.

तिला भरून आलं. अगदी खरं सांगायचं तर आलंच. "बरं केलंत हो," ती म्हणाली, आणि त्याच्या पानात चार घास जास्त वाढले.

जेवणासाठी चित्रफीत मधेच थांबवली होती. जेवण झाल्यावर कारागिराने नवा रेडिएटर जागेवर ठेवला, तर तो डुगडुगायला लागला. शिवाय त्याच्या बुडाशी एक भोक होतं आणि त्यातून खालची जमीन दिसत होती. त्याने खोकं उलटंपालटं करून झटकलं. काही पडलं नाही. मग त्याने मोबाईलवरच्या माणसाला पुन्हा चालू केलं, आणि तो माणूस हसत हसत म्हणाला, की आता जुन्या रेडिएटरच्या पायाची दोन रबरं आणि खालचं बूच काढून नव्याला लावा, ती नव्यासोबत येत नाहीत, आणि कृपा करून जुना रेडिएटर लगेच टाकू नका.

कारागिराने मोबाईल पालथा घातला.

"मी तेव्हाच म्हणणार होतो," काका म्हणाले.

ज्या माणसाने अर्धी कुलपं जपून ठेवली, त्याने आयुष्यात एकच वस्तू वेळेवर टाकली, आणि ती ही. बरं, ओरडायचं तरी कुणाच्या नावाने? टाकायला तिनेच सांगितलं होतं, वर शाबासकीही दिली होती. तिने पिशवी घेतली आणि चपला घातल्या.

"मी जातो ना," कारागीर म्हणाला.

"तुम्ही नका जाऊ. तिथे भंगार आहे. तुम्ही रिकाम्या हाताने परत यायचे नाहीत."

भंगाराचं दुकान दोन गल्ल्या ओलांडून होतं. दुकानात एक जाडजूड बाई स्टुलावर बसून हातोडीने काहीतरी फोडत होती. ते काहीतरी म्हणजे त्यांचाच रेडिएटर. ॲल्युमिनियमची जाळी एका ढिगावर गेली होती, प्लॅस्टिकच्या टाक्या दुसऱ्या ढिगावर.

"थांबा, थांबा!" ती म्हणाली. "त्याचं बूच हवंय. आणि दोन रबरं."

"बूच असेल त्या ढिगात. शोधा," बाई म्हणाली. "नवऱ्याने दिलं होतं ना? त्यांनी दिलेलं परत शोधायला बायकाच येतात. मिक्सरचं भांडं काय, पावत्यांची पेटी काय. गेल्या महिन्यात एक जण स्वतःची कवळी शोधून घेऊन गेली."

ती ढिगापाशी उकिडवी बसली. टाकी सापडली, बूच टाकीतच होतं, आटे शाबूत. एक रबर धुळीत मिळालं. दुसरं काही केल्या मिळेना. तिने ढीग दोनदा उपसला. शेवटी तिचं लक्ष बाईच्या स्टुलाकडे गेलं. स्टुलाचा एक पाय तोकडा होता आणि त्याखाली एक नवंकोरं वाटावं असं पुसलेलं रबर बसवलेलं होतं.

"ते माझं आहे," ती म्हणाली.

"आता माझं आहे," बाई म्हणाली. "किती वर्षांनी स्टूल नीट बसलंय."

तिने पिशवीतून जाड कापडाचा तुकडा काढला. असा तुकडा तिच्या पिशवीत कायम असायचा. त्याच्या घड्या घालून, दाबून, कडा मुडपून तिने रबराच्या उंचीची गादी केली आणि स्टुलाखाली सरकवली. बाईने बसून, हलून पाहिलं, हुंकार दिला, आणि रबर पायानेच तिच्याकडे ढकललं.

परत येताना ती जवळजवळ पळतच होती. दिवस अजून हातात होता. बूच लावायचं, रबरं बसवायची, दोन बोल्ट, दोन नळ्या, पाणी भरायचं, झालं. फाटकातून आत शिरली आणि जागीच उभी राहिली.

गाडी ती गेली तेव्हापेक्षा जास्त उघडी होती. इंजिनाच्या अंगावरची एक टोपी काढून चादरीवर ठेवली होती, तिच्याखालचं गॅस्केट, सांध्यातून पाणी गळू नये म्हणून बसवलेला जाड कागद, फाटून लोंबत होतं, आणि कारागीर पान्याने आणखी आत काहीतरी ढिलं करत होता. काकासुद्धा गप्प होते, यावरून काय ते समजावं.

"हे काय?" तिने विचारलं.

"थर्मोस्टॅट. म्हटलं आता उघडलंच आहे तर तेही बघून घेऊ. आणि पंपसुद्धा जरा—"

"पंपाला काय झालंय?"

"काही नाही झालेलं," तो म्हणाला. "पण होऊ शकतं."

इतकी वर्षं ती हा माणूस बावळट आहे असं धरून चालली होती आणि त्यावर तिचा संसार बऱ्यापैकी चालला होता. आज पहिल्यांदा तिला वाटलं, की नुसता बावळटपणा एवढा नेमका वेळ साधून येत नसतो. शुक्रवारी गॅरेजला नाही. शनिवारी खोक्याकडे बघत बसणं. आज सकाळी पान्यांच्या रांगा. आणि आता पंप.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या कुंड्यांना साधं पाणी घालून घ्या बरं. ते हिरवं गेलंय तिकडे."

काका गेले. ती गाडीच्या नाकासमोर उभी राहिली.

"पाना खाली ठेवा. आणि खरं सांगा. मी जायला नको आहे ना तुम्हाला?"

त्याने पाना ठेवला. एक नट उचलला आणि तोच बोटांत फिरवत राहिला.

"जोडली की तू जाणार," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. पोरगी गेली. मी ऑफिसातून येतो तेव्हा दारातून तुझ्या कात्रीचा आवाज येतो. तेवढाच आवाज आहे आता घरात. तोही उद्यापासून नाही." त्याने नट पालथ्या मुठीत धरला. "मला भीती वाटते त्याची. बास."

तिला एकाच वेळी इतका राग आला आणि इतकी दया आली, की कुठलं आधी बाहेर काढावं ते कळेना. हा माणूस तिची कात्री ऐकत होता. तिला वाटायचं, तो नळाचं पाणी सोडून काहीच ऐकत नाही. पण हे सांगायला त्याने तिची नोकरी सुटी करून चादरीवर मांडली होती!

"हे बोलायला तोंड नव्हतं का? रेडिएटर कशाला काढलात?"

"तोंडाने मला जमत नाही."

"हातानेही जमत नाही तुम्हाला," ती म्हणाली.

तो हसला नाही. मग तीही गंभीर झाली.

"आता नीट ऐका. मी उद्या जाणार. गाडी असली तरी आणि नसली तरी. गाडी असली तर संध्याकाळी घरी येईन. नसली तर तिकडे राहायला खोली आहे, दुपारी फोन आला होता मॅनेजरबाईंचा. मग मी रविवारीच येईन. काय ते तुम्ही ठरवा."

"खोली?" त्याचा चेहरा उतरला. "कसली खोली?"

"एक खाट, टेबल, खिडकी. बेसिन."

"नळ?"

"आहे."

"गळतो?"

"नाही."

हे शेवटचं त्याच्या फार जिव्हारी लागलं असावं. त्याने मूठ उघडली, नट जागच्या जागी ठेवला, आणि कामाला लागला.

त्या संध्याकाळी तिने जे पाहिलं त्यावर तिच्या माहेरी कुणी विश्वास ठेवला नसता. पंपाचे बोल्ट त्याने एका दमात आवळले. माळ्यावर चढून गॅस्केटच्या कागदाची गुंडाळी आणली. ती लागली कधीतरी, हे त्याने तोंडातून काढलं नाही, हा त्याचा मोठेपणा. तिने फाटक्या गॅस्केटवरून आकार काढला आणि आपल्या चांगल्या कात्रीने, कात्रीचं वाटोळं होईल हे माहीत असून, तसंच नवं कापून दिलं. रबरं बसली, बूच बसलं, रेडिएटर जागेवर ठाम उभा राहिला. काका कुंपणावर परत आले आणि म्हणाले, "क्लिप जरा उलटी—" कारागीर त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "काका, आज नको." ती क्लिप उलटी नव्हती. तुटक्या दाताची खुंटी त्याने सुतळीने बांधली. सगळंच एका दिवसात सुधारत नसतं.

नवं पाणी भरलं. ती चालकाच्या जागी बसली आणि तिने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि लागलं. वरच्या तोंडातून बुडबुडे येत राहिले, तो वरून पाणी घालत राहिला, कधी नळीवर हात ठेवून, कधी खाली वाकून, आडवा होऊन, कुठे थेंब दिसतो का ते बघत. तापमानाचा काटा हळूहळू वर सरकला. मध्यावर आला. काटा तिथेच थांबला, पंखा घुरघुरत सुरू झाला, आणि काटा तसूभरही हलला नाही.

"झाली!" तो ओरडला. "अगं, झाली!"

घरातलं एक काम पुरं झालं होतं. त्याच दिवशी, उजेड असताना, आणि त्याच माणसाच्या हातून. ती हसली, आणि हसता हसताच तिला काहीतरी हरवल्यासारखं झालं.

काय हरवलं, ते तिला आधी कळलंच नाही. नोकरी होती. गाडी होती. नवरा दारात उभा राहून वाट बघणार होता. सगळं तिने मागितलं तसंच झालं होतं. पण दुपारपासून, तिच्या मनातल्या मनात, त्या खोलीत एक बाई राहायला गेली होती, तिचीच दुसरी. खाट खिडकीशी सरकवून, पाय पसरून, कुणाचं काही न ऐकता झोपणारी. धमकी म्हणून तिने खोलीचं नाव घेतलं, आणि नवऱ्याने तर धमकी खरीच मानून, गाडी जोडून, बिचारीला बाहेर काढलं. आता त्या बाईला निरोप द्यायचा तर हिच्या अगदी जिवावर आलं.

"किती वाजता सुटतं तुमचं?" तो खिडकीशी येऊन विचारत होता. 'तुमचं' म्हणत होता, कारखान्याला धरून, अगदी आदराने.

"सहाला."

"मग मी पोचलो की चहा टाकून ठेवतो. निवला तर पुन्हा करू."

"बरं," ती म्हणाली, आणि उतरून घरात गेली. मॅनेजरबाईंचा नंबर लावला.

"झाली गाडी," ती म्हणाली.

"अरे वा! म्हणजे खोली नको ना? आणखी एक जण विचारते आहे, तिला देऊन टाकते."

खिडकीतून तिला अंगण दिसत होतं. कारागीर गाडीत अर्धा आत शिरला होता. उद्या सकाळी तिच्या हातांना ग्रीस लागू नये म्हणून तो स्टिअरिंग पुसत होता, शर्टाच्या स्वच्छ राहिलेल्या बाहीने, सगळीकडून, सावकाश.

"नको," ती म्हणाली. मग थांबली. "म्हणजे आत्ता नको. पण बाई, तिला लगेच देऊ नका."